पडद्यावरचा ठिपका आणि आतली सुई

मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या एका कारागिराकडून आम्ही तडा गेलेला, वाद्याला न चालणारा एक भोपळा मागून आणला. तडा एम-सीलनं बुजवला, देठाकडचं तोंड कापलं आणि आत चायना ग्रासचा गरम द्राव अर्ध्यापर्यंत ओतला. तो थिजल्यावर त्यावर तासगावची पाच द्राक्षं ठेवली आणि पुन्हा द्राव ओतून भोपळा भरला. द्रावात इसबगोल मिसळलं होतं, कारण त्याचे बारीक कण सोनोग्राफीत मांसासारखे दाणेदार दिसतात. मग भोपळ्याच्या अंगावर मंगळसूत्रात ओवतात तसले काचेचे मणी चिकटवले आणि एका सेंटरवर रात्री पेशंट संपल्यावर त्याचा सीटी स्कॅन करून आणला. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एवढंच सांगितलं: बाजूला बोटाएवढं भोक आहे, आतलं काही दिसत नाही, तीन नंबरच्या द्राक्षाला सुई लावून दाखवा.

मी सांगलीत अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवते. हा भोपळा आमच्याकडे एका ऐच्छिक विषयाचा कणा आहे. विषयाचं नाव लांबलचक आहे, पण मुलांच्या आयांना तो मी असा सांगते: दुर्बिणीचं ऑपरेशन असतं ना, छोट्या भोकातून केलेलं, त्यात डॉक्टरांना आतलं नीट दिसावं आणि हत्यार नेमकं कुठं आहे ते कळावं, यासाठी लागणारी यंत्रं आणि सॉफ्टवेअर कशी सुधारायची ते ही मुलं शिकतात.

हे डॉक्टरांचं काम नाही का, असं कुणीतरी विचारतंच. कापायचं कुठं आणि किती, हे डॉक्टरांचंच काम. पण पडद्यावर जो ठिपका सांगतो की सुईचं टोक आत्ता इथं आहे, तो ठिपका कॅमेरा, गणित आणि प्रोग्रॅम मिळून काढतात. तो चुकला तर डॉक्टरांचा हात कितीही तयार असला तरी सुई चुकीच्या जागी जाणार. म्हणून ठिपका खरा आहे का, आणि चुकत असेल तर किती, याची जबाबदारी अभियंत्याची आहे. माझ्या मते या विषयात शिकवण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, आणि नेमकं हेच सगळ्यात कमी शिकवलं जातं.

थोडी मागची गोष्ट आधी सांगते. रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले 8 नोव्हेंबर 1895 रोजी, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये हातात रुतलेली सुई त्या किरणांच्या मदतीनं शोधली गेली. म्हणजे चित्र बघून शस्त्रक्रिया करण्याची कल्पना एक्स-रेइतकीच जुनी आहे. रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन 1971 साली झाला. पाठीतून मूत्रपिंडात थेट नळी घालून मुतखडा काढण्याची पद्धत 1976 साली फर्नस्ट्रोम आणि योहानसन यांनी मांडली. जर्मनीत कुर्ट सेम यांनी 1980 साली दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तर एरिक म्यूहे यांनी 1985 साली पित्ताशय. आपल्याकडे मुंबईच्या जेजे रुग्णालयात डॉ. तेहम्टन उदवाडिया यांनी 1990 साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आज मिरजेत ही ऑपरेशनं रोजची आहेत. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी 1894 साली इथं रुग्णालय उभं केल्यापासून आसपासच्या जिल्ह्यांतली आणि कर्नाटकातली माणसं 'मिरजेला दाखवू' म्हणत येतात. इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांना त्यामुळे हा विषय पुस्तकातला वाटत नाही. प्रत्येकाच्या घरात कुणाचं तरी असं काहीतरी झालेलं असतं.

छोट्या भोकातून काम केल्यानं जखम लहान राहते, दुखणं कमी होतं, पेशंट लवकर घरी जातो. पण डॉक्टरांच्या हातून काही गोष्टी निघून जातात. मोठा छेद घेतला की सर्जन अवयव बोटांनी चाचपू शकतात, गाठ कुठं कडक लागते ते त्यांना कळतं. तो स्पर्श जवळजवळ जातो. साध्या एका कॅमेऱ्यातून बघताना खोली जाते, कारण पडदा सपाट असतो. आणि हाताची दिशा उलटी होते. कृष्णेवरच्या होड्यांच्या शर्यती ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे लगेच समजेल. वल्ह्याचा दांडा पुढं ढकलला की पातं मागं जातं, कारण वल्हं मधे काठावर टेकलेलं असतं. पोटाच्या भिंतीतलं भोक म्हणजे तो काठ. हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं, आणि हत्यार जितकं जास्त आत, तितकं टोक जास्त हलतं.

हे फळ्यावर सांगून पोचत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात मी मुलांपुढं पुठ्ठ्याचं खोकं ठेवते. वर दोन भोकं, आत मोबाइलचा कॅमेरा, चित्र समोरच्या स्क्रीनवर. लांब चिमट्यांनी हरभरे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. दहा मिनिटांत चेहरे बदलतात. ज्या मुलाला वाटत होतं की यात काय अवघड आहे, तो हरभरा धरतो तेव्हा वाटीच्या दोन बोटं अलीकडे असतो आणि त्याला ते कळत नाही. मग मी मुद्दाम स्क्रीन बाजूला सरकवते, इतकी की मान वळवून बघावं लागेल, आणि तेच काम पुन्हा करायला लावते. मान एकीकडे, हात दुसरीकडे. पुढं ही मुलं काही बनवतील तेव्हा पडदा कुठं ठेवायचा हा प्रश्न त्यांना शेवटी आठवणार नाही, आधी आठवेल. खोक्यावरचा तो अर्धा तास माझ्या चार व्याख्यानांच्या बरोबरीचा आहे.

आता मुख्य गाठ. डॉक्टरांकडे दोन प्रकारची चित्रं असतात. एक आत्ताचं: दुर्बिणीचा कॅमेरा, सोनोग्राफी, किंवा सी-आर्मचा चालता एक्स-रे. दुसरं आधीचं: काल किंवा आठवड्यापूर्वी काढलेला सीटी, एमआरआय. आत्ताचं चित्र ताजं असतं पण तोकडं. कॅमेऱ्याला फक्त पृष्ठभाग दिसतो, यकृताच्या आतली रक्तवाहिनी दिसत नाही. सी-आर्ममध्ये सगळं एकावर एक छापलेलं दिसतं आणि प्रत्येक वेळी किरण लागतात, म्हणून तर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सगळे शिशाचा एप्रन घालून उभे असतात. सीटीत सगळं असतं, मिलिमीटर-मिलिमीटरच्या चकत्यांत, पण ते त्या दिवसाचं असतं. ही दोन चित्रं एकमेकांवर नेमकी बसवली, तर ताज्या चित्रात आतलंही दिसेल. चित्र-मार्गदर्शित शस्त्रक्रिया म्हणतात त्याचा गाभा हे बसवणं आहे.

बसवायचं कसं? शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना मी मोजणीचं उदाहरण देते. तालुक्याहून मोजणीदार येतो तेव्हा त्याच्या हातात नकाशा असतो आणि समोर रान. नकाशा कुठून सुरू करायचा? तो हद्दीचे जुने दगड शोधतो, जे नकाशावरही आहेत आणि जमिनीवरही. असे तीन दगड पक्के सापडले की नकाशा फिरवून, सरकवून जमिनीशी जुळतो. मग नकाशावरच्या कुठल्याही बिंदूची जागा रानात दाखवता येते, तिथं दगड नसला तरी.

आमच्या भोपळ्यावरचे काचेचे मणी म्हणजे हे दगड. सीटीत ते पांढरे शुभ्र दिसतात. टेबलावर तोच मणी टोकदार कांडीनं स्पर्श करून दाखवायचा, आणि कांडीचं टोक कुठं आहे ते कॅमेरा सांगणार. सीटीतले मणी आणि टेबलावरचे मणी यांच्या जोड्या लागल्या की संगणक हिशेब करतो: नकाशा किती फिरवायचा, किती सरकवायचा, म्हणजे सगळ्या जोड्यांमधलं अंतर मिळून कमीत कमी राहील. एकाच रेषेत नसलेले किमान तीन मणी लागतात. हे गणित दुसऱ्या वर्षाच्या मुलाला झेपणारं आहे, आणि थ्रीडी स्लायसरसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ते एका बटणावर करून देतं.

घोटाळा तिथंच सुरू होतो. बटण दाबलं की स्क्रीनवर एक आकडा येतो. एका गटाला तो 0.6 मिलिमीटर आला. "मॅडम, बसलं! एक मिलिमीटरच्या आत!" मी म्हटलं, सुई लावा. सुई लावली, भोपळा सोनोग्राफीखाली धरला, तर टोक द्राक्षाला शिवलंही नव्हतं, जवळजवळ अर्धा सेंटिमीटर बाजूला. "आकडा तर बरोबर हाय, मग सुई का चुकायलीय?" या प्रश्नासाठी मी वर्षभर वाट बघत असते.

तो आकडा मण्यांवरची चूक सांगतो. जोड्या लावल्यावर सीटीतला मणी आणि टेबलावरचा मणी यांच्यात किती अंतर उरलं, एवढंच. आपल्याला हवी आहे द्राक्षावरची चूक. या दोन चुका वेगळ्या आहेत, आणि पहिली लहान आहे म्हणून दुसरी लहान असेल असं समजणं ही या विषयातली सगळ्यात धोक्याची समजूत आहे. 1998 साली फिट्झपॅट्रिक, वेस्ट आणि मॉरर यांनी याचं गणित नीट मांडलं.

त्यातला एक भाग मुलांना चक्रावून टाकतो. समजा प्रत्येक मणी टिपताना साधारण 1 मिलिमीटर चूक होते. तीनच मणी वापरले तर स्क्रीनवर सरासरी 0.58 च्या आसपास आकडा दिसतो. दहा मणी वापरले तर 0.89 च्या आसपास. म्हणजे मणी वाढवले की आकडा बिघडतो! पण त्याच वेळी मण्यांच्या घोळक्याच्या मध्यबिंदूपाशी खरी चूक 0.58 वरून 0.32 वर येते, सुधारते. तीन मणी असले की संगणकाला नकाशा हवा तसा वळवायला मोकळीक असते, तो चुकांनाही सामावून घेतो आणि सगळं छान जुळल्यासारखं दिसतं. दहा मणी असले की एवढं वळता येत नाही, चुका उघड्या दिसतात, पण जागा जास्त खरी मिळते. सुंदर आकड्यासाठी मणी कमी करणारा विद्यार्थी मी पाहिला आहे. त्याला ओरडून उपयोग नव्हता. त्याला दोन्ही प्रयोग करायला लावले आणि सुई कुठं पोचते ते त्याच्याच हातानं मोजायला सांगितलं.

दुसरी गोष्ट मणी लावायची जागा. त्या गटानं सगळे मणी देठाजवळ लावले होते, हाताला सोयीचं म्हणून. मणी एकमेकांपासून 3 सेंटिमीटरवर आणि द्राक्ष 15 सेंटिमीटर खाली. आता एक मणी 1 मिलिमीटर इकडंतिकडं टिपला गेला तर साधं त्रैराशिक करा: 3 सेंटिमीटरला 1 मिलिमीटर, तर 15 सेंटिमीटरला 5 मिलिमीटर. मोजणीत रानाच्या एकाच कोपऱ्यातले तीन दगड धरून पलीकडचा बांध आखला तर जे होईल तेच इथं होतं. मणी लक्ष्याच्या चहूबाजूंनी पसरलेले हवेत, म्हणजे त्यांचा मध्य लक्ष्याजवळ येतो. पेशंटच्या अंगावर असे मणी, म्हणजे खुणा, कुठं लावायच्या हे ओटीत सोय बघून ठरतं. तेव्हा हे त्रैराशिक कुणाच्या तरी डोक्यात असलं पाहिजे.

सीटीच्या चकतीची जाडी हाही त्यातलाच प्रकार. आमचा पहिला स्कॅन 5 मिलिमीटरच्या चकत्यांचा आला. दोन-तीन मिलिमीटरचा मणी त्यात पुसट डाग झाला होता, त्याचा मध्य कुठं धरायचा हेच कळेना. 1 मिलिमीटरच्या चकत्या मागून घेतल्यावर तो मण्यासारखा दिसू लागला. द्राक्षही तेव्हाच नीट वेगळं दिसलं. त्यात साखर असल्यानं ते आजूबाजूच्या चायना ग्रासपेक्षा किंचित उजळ येतं.

कांडीचं टोक ओळखणारा कॅमेरा कसा चालतो, तेही सांगायला हवं. रुग्णालयातल्या यंत्रात दोन इन्फ्रारेड कॅमेरे असतात, आपल्या दोन डोळ्यांसारखे, आणि हत्यारावर चमकणारे छोटे गोळे. दोन कॅमेऱ्यांना गोळा किंचित वेगळ्या जागी दिसतो, त्या फरकातून अंतर निघतं. मधे कुणी उभं राहिलं की दिसणं बंद. दुसऱ्या पद्धतीत चुंबकीय क्षेत्र वापरतात, त्याला नजर लागत नाही, म्हणून लवचीक नळीच्या टोकाचीही जागा कळते, पण जवळ लोखंडी टेबल किंवा सी-आर्म आला की क्षेत्र वाकतं आणि जागा चुकते. ही यंत्रं कॉलेजला परवडण्यासारखी नाहीत. आम्ही साधा वेबकॅम आणि कागदावर छापलेले काळे-पांढरे चौकोन वापरतो. एका वर्षी सगळ्यांची अंतरं चुकत होती, सगळ्यांची एकाच दिशेनं. दोन दिवस प्रोग्रॅम तपासला. शेवटी एका मुलीनं व्हर्नियर घेऊन छापील चौकोन मोजला: 30 ऐवजी 29.1 मिलिमीटर. प्रिंट काढताना 'फिट टू पेज' राहिलं होतं. तीन टक्क्यांची चूक, म्हणजे अर्ध्या मीटरवर दीड सेंटिमीटर. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम केलेल्या बापाची ती मुलगी. मोजपट्टी आधी तपासायची, हे तिला घरातूनच मिळालं होतं.

डाव्या-उजव्याचा घोळ याहून गंभीर आहे. सीटीची चकती आपण पेशंटच्या पायाकडून बघतोय अशा रीतीनं दाखवतात, त्यामुळे पेशंटची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. त्यात भर म्हणजे सीटी-एमआरआयची चित्रं ज्यात साठवतात त्या डायकॉम फाइलमध्ये आडवा अक्ष पेशंटच्या डावीकडे वाढतो आणि थ्रीडी स्लायसर आतल्या आत उजवीकडे वाढणारा अक्ष धरतं. सॉफ्टवेअर हे आपण होऊन बदलून घेतं, पण मुलांनी स्वतः प्रोग्रॅम लिहिला की एक उणे चिन्ह राहून जातं. चित्र दिसायला अगदी ठीक असतं, फक्त आरशातलं. दोन मूत्रपिंडांच्या माणसात याचा अर्थ काय होतो, हे वर्गात सांगितलं की शांतता पसरते. म्हणून भोपळ्याच्या उजव्या कुशीला आम्ही मण्यांचा एक वेगळा झुबका चिकटवतो. एमआरआयमध्ये याच कामासाठी ई-जीवनसत्त्वाची कॅप्सूल एका बाजूला चिकटवण्याची पद्धत आहे. कोणतीही आकडेमोड करण्याआधी झुबका कुठं दिसतो ते बघायचं.

एवढं सगळं जमलं तरी भोपळा हा भोपळा आहे. तो श्वास घेत नाही. माणूस घेतो, आणि प्रत्येक श्वासाबरोबर यकृत आणि मूत्रपिंड एक-दोन सेंटिमीटर खालीवर होतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरून तंबू उभा करतात, तेव्हा यकृताचा आकारच बदलतो. कवटी उघडली की मेंदू बसतो, कधी सेंटिमीटरभर. सीटी मात्र आधीचाच. कृष्णेला पूर आल्यावर नदीकाठचे बांध वाहून जातात आणि जुना नकाशा जुन्याच रानाचा राहतो, तसंच हे. कवटी, मणका अशा हाडांच्या आधारानं चालणाऱ्या शस्त्रक्रियांत ही पद्धत आधी रुळली त्याचं कारण हेच, हाड वाकत नाही. मऊ अवयवांसाठी मग ऑपरेशन चालू असताना सोनोग्राफीनं चित्र ताजं करत राहायचं, भूलतज्ज्ञांना सांगून काही क्षण श्वास रोखायचा, किंवा अवयव कसा वाकेल याचा संगणकात अंदाज बांधायचा. तिसऱ्या उपायावर जगभर संशोधन चालू आहे आणि तो खरोखर अवघड आहे.

इथं मुलांना एक हिशेब करायला लावते. समजा कॅमेऱ्याची चूक 0.3 मिलिमीटर, नकाशा बसवण्याची 1 आणि श्वासाची 3. या चुका एकमेकींवर अवलंबून नसतील तर त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. उत्तर साधारण 3.18. आता भरपूर पैसे घालून कॅमेरा 0.1 चा आणला. उत्तर 3.16. त्याऐवजी श्वासाची चूक 3 वरून 1.5 वर आणली तर उत्तर 1.83. कष्ट कुठं घालायचे ते या तीन ओळींत दिसतं. कॅमेरा सुधारणं मुलांना आवडतं, कारण ते टेबलावर बसून करता येतं. श्वासाचा प्रश्न सोडवायला ओटीत जावं लागतं.

आणि ओटीत गेल्याशिवाय हा विषय शिकवूच नये, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डनं 2001 पासून आणि आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या बेटिक केंद्रानं 2014 पासून हीच रीत धरली: आधी रुग्णालयात जाऊन अडचण बघा, मग यंत्र सुचवा. आमच्यासाठी तर मिरज दहा किलोमीटरच्या आत आहे. परवानगी घेऊन दोन-दोन मुलं नेतो. पहिला नियम, निळ्या-हिरव्या निर्जंतुक कापडाच्या जवळही जायचं नाही. दुसरा, पहिल्या भेटीत काहीही सुचवायचं नाही, फक्त लिहायचं. कोण कुठं उभं राहतं, सर्जन किती वेळा मान वळवतात, सिस्टरना वायर किती वेळा ओलांडावी लागते, एक्स-रेच्या पेडलसाठी पाय किती वेळा चाचपडतो.

एका मुलानं चष्म्यात त्रिमितीय मूत्रपिंड तरंगताना दिसेल असा प्रकल्प आखला होता, मेहनतीनं. मुतखड्याचं ऑपरेशन त्यानं उभं राहून पाहिलं. बाहेर आल्यावर डॉक्टरांना त्यानं आपली कल्पना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाळा, माझ्यापुढं आधीच तीन पडदे आहेत. चित्र आणखी नको. सुई आत गेल्यापासून मूत्रपिंडाच्या कप्प्यात पोचेपर्यंत मला किती वेळा एक्स-रे मारावा लागतो ते मोजलंस का? तेवढं कमी करून दे." त्यानं मोजलं नव्हतं. पुढच्या तीन भेटींत तो फक्त तेच मोजत होता, आणि त्याचा प्रकल्प पूर्ण बदलला. चष्मा गेला. सुईच्या मागच्या टोकाला लावायचा एक छोटा चौकोन आणि स्क्रीनवर एकच रेघ, सुई अशीच ढकलली तर कुठं जाईल ती दाखवणारी, एवढंच उरलं. आणि चौकोन निर्जंतुक आवरणाखाली कॅमेऱ्याला दिसतो का, हा नवा प्रश्न आला, जो टेबलावर कधीच आला नसता.

पेशंटच्या चित्रांबद्दल एक सक्त गोष्ट. डायकॉम फाइलच्या पोटात नाव, जन्मतारीख, तपासणीची तारीख असं सगळं असतं. एका विद्यार्थ्याच्या सादरीकरणात सीटीच्या कोपऱ्यात पेशंटचं पूर्ण नाव राहिलं होतं आणि ते भरलेल्या वर्गासमोर पडद्यावर आलं. त्या दिवसापासून नाव पुसल्याशिवाय एकही फाइल आमच्या संगणकावर येत नाही, आणि शक्य तिथं भोपळ्यावरच काम होतं. विद्यार्थ्यांनी बनवलेलं काहीही थेट माणसावर वापरायचं नाही हेही तितकंच पक्कं. भारतात वैद्यकीय उपकरणांचे 2017 चे नियम 1 जानेवारी 2018 पासून लागू आहेत, त्यांत धोक्यानुसार ए ते डी असे वर्ग आहेत, आणि 1 एप्रिल 2020 पासून अशा कामाचं सॉफ्टवेअरही उपकरणच धरलं जातं. मुलांना वाटतं ही कागदपत्रं म्हणजे अडथळा. पण प्रत्येक कागद शेवटी एकच विचारतो: हे चुकलं तर काय होईल, आणि ते तुम्हाला आधी कळेल का?

गेल्या सत्राच्या शेवटी मुतखड्याच्या ऑपरेशनचे तेच डॉक्टर आमच्या प्रयोगशाळेत आले. भोपळा टेबलावर होता. व्हर्नियरवाली मुलगी सुई धरून उभी होती, स्क्रीनवर रेघ दिसत होती. डॉक्टरांनी रंग, बटणं, काहीच पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, "चुकतं किती?"

ती म्हणाली, "सर, सगळीकडं सारखं नाही चुकत. मण्यांच्या मधोमध दीड मिलिमीटरच्या आत. देठाकडं तीन. आणि खाली बुडाशी पाचच्या पुढं, तिथं आम्ही रेघ दाखवतच नाही, स्क्रीन लाल होते."

डॉक्टर थोडा वेळ भोपळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लाल झाली की मी सी-आर्म मारीन. बाकी ठिकाणी नाही मारला तर चालेल. चला, लावा सुई."

तिनं सुई लावली. मग आम्ही सुरीनं भोपळा कापला. सुई तीन नंबरच्या द्राक्षात होती, मधोमध नाही, सालीपासून थोडी आत. तिनं व्हर्नियर उचलला आणि मध्यापासूनचं अंतर मोजून वहीत लिहिलं.